ओढ्याची हद्द

मोजणीदाराने लाल रंगाची खुंटी ठोकली ती नेमकी गोठ्यात, गव्हाणीच्या पुढ्यात. बाहेर ठोकायला त्याची काही हरकत नव्हती, पण फीत जिथं संपली तिथंच गव्हाण होती, त्याला मी काय करणार, असं तो दोनतीनदा म्हणाला. खुंटीच्या ओढ्याकडच्या बाजूला दोन गाई आणि शेणाचा खड्डा आला, घराकडच्या बाजूला एक गाभण गाय, वासरू आणि दार. निम्मा गोठा नियमात बसला, निम्मा नियमाबाहेर गेला.

मोजणीदाराची पाठ वळली तसं म्हाताऱ्यानं वासराचं दावं सोडलं आणि त्या लाल खुंटीला नेऊन बांधलं.

"ठोकलीच आहे तर वाया कशाला घालवायची," तो वासराला म्हणाला.

त्या दिवसापासून म्हातारा जनावरांशीच बोलायला लागला. सुनेशी बोलणं बंद. चहा हवा असला तर गाईच्या पाठीवर थाप मारून म्हणायचा, "बाई, घरात मेंबर असतील तर विचार, चहा टाकायला परवानगी लागते का." मग सून चहा टाकायची, आणून त्याच्यासमोर ठेवायची, आणि म्हातारा गाईचे आभार मानायचा.

सुनेला सगळं गाव मेंबर म्हणायचं. गावच्या समितीवर ती निवडून आली तेव्हा सगळ्यांत जास्त मिरवला होता तो हाच म्हातारा. दूध घालायला जाताना वाटेत भेटेल त्याला सांगायचा, की आता आमच्या घरात मेंबर आहे. आता तोच शब्द तो असा उच्चारायचा, की जणू घरात उंदीर आहे.

खरं तर चूक तिचीच होती, आणि तेच तिला जास्त सलत होतं.

त्या उन्हाळ्याच्या तोंडी तळं हिरवं पडलं होतं. काठावर शेवाळाची जाड साय धरली, मासे उलटे होऊन तरंगायला लागले आणि वारा गावाकडे फिरला की लोक नाक दाबून जेवायचे. त्याच सुमाराला ठेकेदारानं तळ्याच्या वरच्या अंगाला पाहुण्यांसाठी खोल्या बांधायला काढल्या. ट्रकच्या ट्रक मुरूम आणून त्यानं काठावर भराव टाकला आणि पाण्याला लागून दगडी भिंत घातली. मेंबर दारोदार फिरली. पायांना भेगा पडेपर्यंत फिरली. सभेत नियम मांडला: ओढ्याच्या दोन्ही काठांपासून आणि तळं तुडुंब भरल्यावर पाणी जिथवर येतं तिथपासून ठरलेल्या अंतरात काही बांधायचं नाही, भराव नाही, उकिरडा नाही, नांगर नाही. नुसता झाडझाडोरा वाढू द्यायचा, म्हणजे वरून वाहून येणारी घाण त्यात अडेल.

ठेकेदार विरोध करील म्हणून ती तयारीनं गेली होती. पण ठेकेदार उठला तो हात जोडून.

"नियमाला माझी ना नाही," तो म्हणाला. "पण करायचाच तर सगळ्यांना सारखा करा. नवं काय आणि जुनं काय, घाण ती घाणच. माझ्यासाठी एक आणि तुमच्यासाठी एक, असं गावात होऊ नये."

लोकांना ते पटलं. टाळ्या पडल्या. अध्यक्षांनी तिथल्या तिथं 'जुनं असो वा नवं' एवढे शब्द घातले आणि मेंबरनंही हात वर केला. घरी येताना ओढ्यावरच्या साकवावर पोचली, शेणाचा वास आला, आणि तिचे पाय जागीच थांबले. आपला गोठा ओढ्यावर आहे हे तिला माहीत नव्हतं असं थोडंच. रोज सकाळी खराट्यानं शेण लोटून तीच तर ओढ्यात सोडत होती. पण नियम ठेकेदारासाठी आहे, हे तिच्या डोक्यात इतकं पक्कं बसलं होतं, की बाकी काही आत शिरलंच नाही.

मोजणी सुरू झाली आणि तिच्या दारात रीघ लागली. ओढ्यापलीकडच्या माळिणीचे भाजीचे वाफे थेट काठाला टेकलेले. ती रोज सकाळी यायची, उंबऱ्यावर बसायची आणि उठायचीच नाही.

"माझी कोथिंबीर तळ्याला काय करते गं? कोथिंबिरीनं मासे मरतात?"

"कोथिंबिरीनं नाही, काकू. खतानं."

"मग खत मोज. माझी जमीन कशाला मोजतेस?"

धोब्याचा दगड हद्दीत आला. गवंड्यानं पडवी वाढवली होती, ती आली. गिरणीत दळण घेऊन गेली तर गिरणीवाला पीठ पुसत म्हणाला, "तुमचा डबा लांब ठेवा हो मेंबर, मध्ये अंतर सोडा." बायका हसल्या. तिनं डबा उचलून नेमका मध्ये ठेवला, पण कानशिलं तापली ती घरी येईपर्यंत निवली नाहीत.

आणि ठेकेदाराची भिंत जिथल्या तिथं. मोजणीदार त्या बाजूला जायचा, फीत सोडायचा, परत गुंडाळायचा. ओढ्याचा काठ दिसतो, बाई, पण तळं तुडुंब भरलं की पाणी कुठवर येतं हे मी उन्हाळ्यात कसं सांगू, असं म्हणायचा. त्यात काही खोटं नव्हतं. त्यामुळंच तिला जास्त चीड यायची.

एका दुपारी ठेकेदार घरी आला. चपला बाहेर काढल्या, पाणी मागून घेतलं, म्हाताऱ्याच्या गुडघ्यांची चौकशी केली.

"ताई," तो म्हणाला, "लोक तुमच्यावर खार खाऊन आहेत. मला वाईट वाटतं. पुढच्या सभेत तुम्हीच उठा आणि म्हणा, जुनं आहे ते राहू दे, इथून पुढं नियम. तुमचा गोठा राहील, काकूंची भाजी राहील, सगळे सुटतील."

"आणि तुमची भिंत?"

"ती आता जुनीच झाली की." ठेकेदार हसला. त्याचं हसणं चांगलं होतं, हीच पंचाईत होती. "आणि तुम्ही नाही मांडलंत तर मी मांडीन. हात कोण वर करणार नाही, सांगा बरं."

तो गेल्यावर ती बराच वेळ त्याचं उष्टं भांडं हातात धरून उभी राहिली. सभेत ह्या माणसानं सगळ्यांना सारखा नियम मागितला तो कशासाठी, ते तिला आता लख्ख दिसलं. नियम इतका जड करायचा की लोकांनीच तो खाली टाकावा.

नवरा दूध घालून आला. सगळं ऐकून त्यानं नेहमीसारखं म्हटलं, "बघू."

"काय बघू?"

"तो काही वाईट बोलला नाही. गोठा राहील."

"भिंतही राहील."

"राहू दे की. आपल्याला काय भिंतीवर झोपायचंय?"

म्हातारा बाहेरून गाईला म्हणाला, "बघ, माझ्या पोराला अजून अक्कल आहे."

मेंबर घमेलं घेऊन ओढ्यावर गेली. वरच्या अंगाला पाणी स्वच्छ होतं, तळातले गोटे दिसत होते. गोठ्याच्या खाली आल्याबरोबर गोट्यांवर हिरवं बुळबुळीत धरलेलं, आणि ते तसंच तळ्यापर्यंत. इतकी वर्षं ती इथं भांडी घासत होती. तिनं एक गोटा उचलून अंगठ्यानं घासला, तो स्वच्छ होईना, तेव्हा वैतागून पाण्यात फेकून दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी शिडी लावून ती गोठ्यावर चढली आणि पहिलं कौल काढलं.

नवरा खाली उभा राहून म्हणाला, "अगं, आधी त्याची भिंत तरी पडू दे."

"आपला गोठा उभा आहे तोवर तो त्याच्याकडे बोट दाखवत राहणार. कौल धरा."

"सभा झाल्यावर बघू ना."

"कौल धरा म्हणते."

त्यानं धरलं. त्यापेक्षा शिडीवरच्या बायकोशी वाद घालणं अवघड होतं.

घराच्या वरच्या बाजूला, चिंचेपलीकडे उतारावर थोडी जागा होती. तिथं गोठा न्यायचा म्हणजे सगळं डोक्यावरून वाहून चढवायचं. कौलं पाठीवर घेऊन वर, रिकाम्या हातानं खाली. शेवाळलेल्या कौलांनी हाताची बोटं हिरवी झाली आणि टोकं सोलपटली. वासे काढताना एक सुटला आणि नवऱ्याच्या अंगठ्यावर बसला. नख काळंनिळं पडलं, तरी तो "बघू" म्हणून फडकं गुंडाळून कामाला लागला. सगळ्यांत वाईट काम जमिनीचं. वर्षानुवर्षं शेण आणि मूत मुरून ती जमीन चामड्यासारखी झाली होती. कुदळ मारली की थर निघायचा, थराखाली थर. मेंबर पाटी भरायची, डोक्यावर घ्यायची, आणि त्यातलं काळं पाणी मानेवरून पाठीत उतरायचं. दोनदा अंघोळ केली तरी वास जात नव्हता. रात्री जेवायला बसली की स्वतःच्या हाताचा घास तिला नको व्हायचा.

गाई उघड्यावर. माश्यांनी हैराण. दूध निम्म्यावर आलं. गाभण गाय नव्या जागेच्या उतारावर घसरून गुडघ्यावर पडली आणि संध्याकाळपर्यंत पाय टेकेना. मेंबरनं हळद बांधली, शेकलं, आणि मनातल्या मनात ठेकेदाराला, मोजणीदाराला, अध्यक्षांना आणि शेवटी स्वतःला जमेल तितक्या शिव्या घातल्या.

आणि म्हातारा? म्हाताऱ्यानं घरातली खुर्ची उचलून गोठ्याच्या मधोमध मांडली आणि तिच्यात बसून राहिला. ते दोघं त्याच्याभोवती गोठा उतरवत होते. डोक्यावरचं छप्पर गेलं तरी तो बसलेला. भिंतीचा कूड गेला तरी बसलेला. खुर्चीखालची जमीन तेवढी खणायची राहिली.

"मामंजी," ती म्हणाली, "जरा सरकता का."

म्हाताऱ्यानं ओढ्याकडे तोंड केलं.

"तुम्हाला खांबासकट उपटावं लागणार असं दिसतंय."

दुपारनंतर आभाळ भरून आलं आणि पाऊस लागला. नवरा गाईंना झाडाखाली न्यायला धावला. मेंबर घरात शिरली, चुलीपाशी टेकली, आणि दारातून पाहिलं तर म्हातारा नुसत्या चार खांबांच्या मध्ये, खुर्चीत, भिजत बसलेला. टोपीतून पाणी नाकावर, नाकावरून मिशीत.

तिचा जीव अगदी वैतागून गेला. ताडपत्री घेऊन ती बाहेर आली, एक टोक त्याच्या डोक्यावर टाकलं, दुसरं आपल्या, आणि शेजारी उकिडवी बसली. बराच वेळ दोघांच्या डोक्यावर पाऊस वाजत राहिला.

"हा गोठा कुणी बांधला माहीत आहे?" म्हातारा म्हणाला. ह्या वेळी जवळपास गाय नव्हती.

"तुम्ही. रोज ऐकते."

"एकट्यानं. तुझी सासू तेव्हा बाळंतीण होती. हे खांब मी पाठीवरून आणलेत."

"हो."

"मग?"

"मग काय. तुम्ही बांधलात म्हणून शेण उलटं वर चढत नाही. उतारानं ओढ्यातच जातं."

म्हातारा मिशीतलं पाणी निपटत राहिला. मग म्हणाला, "त्या ठेकेदाराची भिंत पडणार का?"

खोटं बोलायला एवढी सोयीची वेळ पुन्हा आली नसती. तिला ते कळत होतं.

"माहीत नाही," ती म्हणाली.

"म्हणजे माझं जाणार आणि त्याचं राहणार?"

"राहीलही."

"तू फार वाईट मेंबर आहेस."

"आहे खरी."

पावसाचा जोर कमी झाला. म्हातारा उठला, गुडघे धरून सरळ झाला आणि जवळच्या खांबावर हात ठेवला. "हा असा हलवून निघायचा नाही. खाली आडवा दगड बसवलाय मी. दोघांनी नुसता मोडून ठेवाल. उद्या दाखवतो." आणि खुर्ची तिथंच टाकून तो घरात गेला. ती तिला उचलावी लागली.

सभा शाळेच्या मोठ्या खोलीत भरली. पाऊस होऊन गेल्यानं चिखलाचे पाय घेऊन सगळे आत आले आणि लहान मुलांच्या बाकांवर गुडघे छातीशी घेऊन बसले. ठेकेदारानं कबूल केल्याप्रमाणे ठराव मांडला: जुनं आहे ते राहू दे. छान बोलला. गरिबाच्या वाफ्याबद्दल बोलला, धोब्याच्या दगडाबद्दल बोलला. स्वतःच्या भिंतीबद्दल एक अक्षर काढलं नाही.

मेंबर उठली. तिनं चांगलं भाषण ठरवून आणलं होतं, पण मानेत अशी कळ भरली होती की ती मुद्देच विसरली. "आमचा गोठा आम्ही वर नेला," एवढंच म्हणाली. "काल शेवटचा खांब नेला. आणखी काय सांगू." आणि खाली बसली.

कौतुक करायला कुणी तयार नव्हतं. तिनं गोठा हलवला म्हणजे आता आपल्यालाही हलवावं लागेल, एवढंच प्रत्येकाच्या तोंडावर दिसत होतं. माळीण तर तिच्याकडे पाहीनाशी झाली. अध्यक्षांनी घसा साफ केला आणि ठरावाच्या बाजूनं कोण कोण, असं विचारलं. हात वर जायला लागले.

"थांबा," मागून म्हातारा म्हणाला.

मेंबरनं डोळे मिटून घेतले. आता हा इथं गाईशी बोलायला लागतो की काय, असं तिला वाटलं.

म्हातारा बाकातून सुटायला थोडा वेळ लागला. "मला ओढ्याचं काही कळत नाही," तो म्हणाला. "शेवाळ आधीही होतं, पुढंही राहील. ही माझी सून, हिनं माझा गोठा माझ्या डोळ्यांदेखत उतरवला. मी महिनाभर हिच्याशी बोललो नाही. माझ्या मते नियम चुकीचाच आहे."

ठेकेदारानं मान डोलावली.

"पण आता माझा गोठा गेला," म्हातारा म्हणाला. "गेला तो गेला. आणि आता तुम्ही म्हणता, जुनं राहू दे. म्हणजे ज्यानं ऐकलं त्याचं गेलं आणि जो बसून राहिला त्याचं राहिलं. मग गावात मूर्ख कोण ठरला? मी. असं चालणार नाही. माझं गेलं तर ह्यांचंही गेलं पाहिजे. भिंत पडली पाहिजे. काकूंचे वाफे सरकले पाहिजेत. सगळ्यांचं गेलं पाहिजे. मी एकटा मूर्ख व्हायला तयार नाही."

कुणीतरी हसलं, मग बरेच हसले. पण धोबी हसला नाही. त्यानं गेल्याच आठवड्यात निमूटपणे आपला दगड सरकवला होता आणि त्यात कंबर धरून बसला होता. "बरोबर आहे," तो म्हणाला. "माझा दगड परत कोण आणून देणार?" गवंडी म्हणाला, पडवी मी पाडायला घेतली आहे. वर गेलेले हात काही खाली आले, काही अर्ध्यावर घुटमळले. मोजल्यावर ठराव अगदी थोडक्यात पडला. मेंबरनं ज्या गोष्टींसाठी नियम केला होता, त्या पाण्याबद्दल, माशांबद्दल कुणी काहीच बोललं नव्हतं. नियम वाचला तो निव्वळ जळफळाटानं. तिला हसावं की रडावं कळेना. मान दुखत होती म्हणून तिनं दोन्ही टाळलं.

भिंतीचं मात्र सरळ झालं नाही. ठेकेदारानं मुदत मागितली. मग पावसाचं कारण निघालं. तळं तुडुंब भरलं आणि पाणी भिंतीच्या माथ्यावरून आत खोल्यांच्या पायरीला लागलं, तेव्हा रेषेचा वाद आपोआप मिटला. मग यंत्राची वाट पाहण्यात काही दिवस गेले. शेवटी यंत्र आलं, भिंत पाडली, आणि दगड सगळे तळ्यात लोटले. मेंबर पुन्हा मोजणीदाराला घेऊन गेली. दगडही बाहेर काढायचेत म्हणून पुन्हा भांडण. त्या सगळ्या दिवसांत म्हातारा रोज खुर्ची घेऊन तळ्याकाठी जायचा, ठेकेदाराच्या माणसांसमोर मांडून बसायचा आणि राहिलेल्या दगडांकडे काठी रोखायचा. माणसं त्याला कंटाळून भराभर काम उरकायची. खोल्यांपैकी पाण्याजवळच्या दोन गेल्या, बाकीच्या राहिल्या. ठेकेदार मेंबरला वाटेत दिसला तर अजूनही नमस्कार करतो, पण हसत नाही.

पाऊस सरला. गोठ्याच्या जुन्या जागेवर गवत कमरेएवढं झालं. नव्या गोठ्यात गाय सुखरूप व्याली. पाणी स्वच्छ झालं का, तर थोडंफार. ते व्हायला वर्षं लागतील असं मोजणीदार म्हणाला. ह्याला काय जातं सांगायला, असं मेंबरला वाटलं.

एका सकाळी सगळं आवरून ती नुकतीच टेकली होती. पेला ओठाला लावते तोच म्हातारा मागच्या दारानं आला. त्याच्या हातात मोजणीदाराची जुनी फीत होती. ती त्यानं मागून घेतली, की त्यानं कंटाळून देऊन टाकली, कोण जाणे.

"मोरीचं पाणी कुठं जातं?"

"इतकी वर्षं जातं तिथंच."

"म्हणजे ओढ्यात."

"मामंजी, मी आत्ता बसलेय."

"बस की. पण साबणाचा फेस थेट खाली जातोय. मी बघून आलो. मेंबरच्याच घरात असं असलं, तर लोकांना मी कुठल्या तोंडानं सांगू?"

तिनं नवऱ्याकडे पाहिलं. नवरा "बघू" म्हणणार होता, पण तिचा चेहरा पाहून त्यानं ते गिळलं आणि दुधाची किटली उचलून चालता झाला.

तिनं चहा एका घोटात संपवला, फावडं घेतलं आणि मोरीमागे केळीच्या दिशेनं चर खणायला घेतला. म्हातारा खुर्ची मांडून बसला आणि चर वाकडा जातोय म्हणून सांगायला लागला. पलीकडच्या वाटेनं माळीण डोक्यावर भाजीची पाटी घेऊन चालली होती. ती थबकली.

"काय गं मेंबर, सकाळी सकाळी?"

"तक्रार आली आहे," मेंबर म्हणाली.

"तुझ्यावर? कुणाची?"

मेंबरनं हनुवटीनं खुर्चीकडे दाखवलं. माळीण इतकी हसली की पाटी सावरायला तिला दोन्ही हात लावावे लागले.

"हसून घ्या," म्हातारा फीत गुंडाळत म्हणाला. "इथलं झालं की तुमच्याकडेच यायचंय."